मे महिन्याचं पाणी: हॉटेलवाल्यांचे, होमस्टेवाल्यांचे आणि पाहुण्यांचे प्रश्न

मागच्या अंकात हॉटेल आणि पर्यटनातल्या पाण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढे आले की निवडताना डोकं दुखलं. सगळ्यात जास्त कोकणातून आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी शेजाऱ्यांबद्दल आणि आपल्याच मालकाबद्दल लिहिलंय, उगाच भांडणं नकोत. उत्तर देणारा माणूस आयुष्यभर हॉटेलांच्या मेंटेनन्समध्ये काम केलेला आहे, त्यामुळे भाषा टाकी-पाइप-पंपाचीच असणार, सांभाळून घ्या.

दादा नमस्कार, दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे. विहीर जांभ्यात खोदलेली, पावसात काठोकाठ भरते, वाकून तांब्याने पाणी घ्यावं इतकी. पण एप्रिल संपता संपता तळ दिसायला लागतो आणि नेमकं तेव्हाच सगळं बुकिंग फुल. गेल्या मे मधे टँकर घ्यावे लागले, त्यातही पाणी पिवळट. मिस्टर म्हणतात बोअर मारू. सासरे म्हणतात छपराचं पाणी विहिरीत सोडा म्हणजे प्रश्नच मिटला. कोणाचं ऐकू?

ताई, थांबा, आत्ता कोणाचंच नको.

सासऱ्यांचं बोलणं देशावर एकदम बरोबर ठरलं असतं. तिकडे पावसाळा संपला तरी विहिरी अर्ध्या रिकाम्या असतात, त्यात पन्हळीचं पाणी सोडलं तर फायदा होतो. तुमची विहीर जुलैमधेच काठोकाठ आहे म्हणता, मग भरलेल्या विहिरीत अजून ओतून काय होणार, वरून वाहून पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून समुद्रात. जांभा दगड सच्छिद्र, पाणी पटकन आत घेतो आणि तेवढ्याच पटकन उताराकडे सोडून देतो, दिवाळीपर्यंत विहीर छान दिसते आणि शिमग्यापर्यंत पाणी कुठे गेलं कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे मधे टँकर फिरतात ते यामुळेच. तुमच्याकडे पाऊस कमी नाहीये, जूनचं पाणी मे पर्यंत धरून ठेवायला जागा नाहीये.

बोअरचं म्हणाल तर समुद्राजवळ मी तरी घाई करणार नाही. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पुस्तकी हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं, पण उलटंही तसंच, म्हणजे उपसून वरची पातळी 1 मीटर उतरली की खालचं खारं पाणी 40 मीटर वर सरकू बघतं. आणि तुम्ही उपसणार कधी, तर मे मधे, जेव्हा पातळी आधीच खाली असते. एकदा बोअर खारी झाली की एका पावसाळ्यात गोडी होईलच असं नाही, आणि खारी फक्त तुमची होत नाही, बाजूच्या वाडीतल्या विहिरीही त्याच पाण्यावर आहेत. आधीच कोणाची बोअर असेल तर हजार रुपयांच्या आत मिळणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि दर पंधरवड्याला आकडा लिहा. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना असं झाल्यावर जागं होण्यात अर्थ नसतो, आकडा त्याच्या बराच आधी चढायला लागतो.

मग करायचं काय? आधी मोजायचं. टाकीच्या आउटलेटला मीटर बसवा, रोज सकाळी आकडा आणि बाजूला पाहुणे किती ते लिहा. बस. भारतीय मानकात हॉटेलसाठी दर माणशी दर दिवशी 180 लिटर धरलेत आणि घरासाठी 135. तुमच्या सहा खोल्यांत सरासरी पंधरा माणसं धरली तर 180 प्रमाणे रोजचे 2700 लिटर होतात, म्हणजे फुल मे महिन्याचे 83-84 हजार. हे 180 चं 120 करणं अवघड नाही, खाली सांगतो कसं. 120 वर आलात की रोजचे 1800 लिटर.

आता छपराकडे बघा. तुमचं छप्पर 100 चौरस मीटर जरी असलं तरी 3000 मिलिमीटर पावसात त्यावर 3 लाख लिटर पडतात, गळती-उडती धरून 2 लाख 40 हजार तर हातात येतात. एवढं साठवायचं नाहीये. 5 बाय 4 मीटर आणि अडीच मीटर खोल अशी एक बंद टाकी बांधली तर 50 हजार लिटर मावतात, 1800 च्या हिशोबाने जवळजवळ अठ्ठावीस दिवस. विहिरीला हातही न लावता! विहीर थोडं तरी देणारच, त्यामुळे मे निघून जातो. खर्च आहे, नाही म्हणत नाही, पण फेरोसिमेंटमधे (लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर) केली तर बराच कमी होतो, आणि दरवर्षी किती टँकर घेता, त्याचे पैसे लिहून बघा म्हणजे किती वर्षांत फिटते ते कळेल. पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊ नका, त्यात छपराची सगळी घाण असते. माझा सल्ला असा की ऑगस्ट-सप्टेंबरच्या धुतलेल्या छपरावरचं पाणीच भरा, मधे वाळू-खडीची गाळणी ठेवा, टाकीत उजेड जाऊ देऊ नका नाहीतर शेवाळ धरतं, ओव्हरफ्लोला डासांची जाळी, आणि वापरायला काढण्याआधी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. प्यायला वेगळं फिल्टर करा.

180 चं 120 कसं, तर सुरुवात फ्लशपासून. जुनी टाकी एका वेळी 10 लिटर सोडते, माणूस दिवसात पाच वेळा गेला तर 50 लिटर गटारात. 6 आणि 3 लिटरची दोन बटणांची टाकी बसवली तर एकदा मोठं, चारदा छोटं, 18 लिटर. माणशी 32 वाचले, पंधरा माणसांचे रोजचे 480! टाकी बदलायचे पैसे आत्ता नसतील तर जुन्या टाकीत लिटरची भरलेली बाटली बूच लावून आत उभी करा, वीट नको, वीट झिजते आणि तिचा चुरा वॉशरमधे अडकतो. आणि एक काम आजच करा. कपड्यांची नीळ असते ना, तिचे चार थेंब फ्लशच्या टाकीत टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कोणाला जाऊ देऊ नका, खाली भांड्यात निळं दिसलं म्हणजे वॉशर गेलाय आणि रात्रंदिवस पाणी चाललंय. आवाज येत नाही म्हणून कोणाला कळत नाही. मी जिथे जिथे हे करून बघितलं तिथे एखादी तरी खोली निळी निघालीच.

दुसरी गोष्ट सोलर गीझर. टाकी गच्चीवर, बाथरूम दुसऱ्या टोकाला, मधे वीस मीटर पाइप आणि तोही प्लंबरने "प्रेशर येईल साहेब" म्हणून एक इंची टाकलेला. त्या पाइपमधे जवळजवळ 10 लिटर गार पाणी पडून असतं आणि सकाळी प्रत्येक पाहुणा ते आधी सोडून देतो, मग गरम येतं. अर्धा इंची पाइप असता तर तेच अडीच लिटरच्या आसपास. पाइप बदलणं जमत नसेल तर नळाखाली एक बादली ठेवा आणि वर लिहा, पहिलं गार पाणी यात धरा. लोक धरतात, सांगितलं तर.

राहिलं न्हाणीचं पाणी. आपल्याकडे आधीपासून ते केळीला, अळूला, माडाला जायचं, टाइल्स आल्या आणि ते सेप्टिक टँकला जोडून टाकलं. परत वेगळं काढा. फक्त शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर तरी लांब हवा आणि जांभ्यात तर अजून लांब बरा, कारण तो सगळं पाझरू देतो.

टँकरचं पाणी पिवळट येत होतं म्हणालात, तर या वर्षी घ्यायची वेळ आलीच तर पाणी कुठल्या विहिरीतून भरलं ते विचारा, आणि थेट विहिरीत ओतून घेऊ नका. वेगळ्या टाकीत.

आम्ही पुण्याचे, वर्षातून दोन-तीन ट्रिपा होतात. हल्ली प्रत्येक हॉटेलात बाथरूममधे कार्ड असतं, "पृथ्वी वाचवा, टॉवेल परत वापरा". मला तर वाटतं यांना स्वतःचं लॉन्ड्रीचं बिल वाचवायचंय आणि पुण्य आमच्या गळ्यात. खरं काय?

दोन्ही खरं. बिल वाचतं म्हणूनच मालक कार्ड छापतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण पाणीही तेवढंच वाचतं. साध्या मशीनमधे किलोभर कपड्याला पंधरा-वीस लिटर पाणी जातं, डबल बेडच्या चादरी, अभ्रे, दोन मोठे टॉवेल, पायपुसणं धरलं की चार किलोच्या आसपास होतं. म्हणजे रोज सगळं बदललं तर खोलीमागे 60 ते 80 लिटर, एका माणसाच्या अंघोळीपेक्षा जास्त.

पण कार्डावर काय लिहिलंय त्याने फरक पडतो, याचा अमेरिकेत चांगला अभ्यास झालाय, 2008 मधे छापून आला होता. नेहमीचं पर्यावरणाचं वाक्य लिहिलं तर सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला, आणि "इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल परत वापरतात" असं लिहिलं तर 44 टक्क्यांनी. त्यांनी पुढे जाऊन "याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे" असं लिहून बघितलं तर 49 टक्के! माणूस पृथ्वीपेक्षा शेजाऱ्याकडे बघून वागतो, आपल्याला हे सोसायटीत राहून माहीतच आहे.

माझी चिडचिड वेगळी आहे. पाहुणा टॉवेल नीट दांडीवर टाकून फिरायला जातो आणि संध्याकाळी येऊन बघतो तर टॉवेल बदललेला! कारण हाउसकीपिंगच्या मुलाला सुपरवायझरने सांगितलेलं असतं की तक्रार यायला नको, बदलून टाक. तिथे कार्ड कितीही सुंदर छापा. दोन रात्रींच्या ट्रिपला तर सरळ रिसेप्शनला सांगा, आमच्या खोलीचं काही बदलू नका, लागलं तर मागू.

महाबळेश्वरला एवढा पाऊस आणि उन्हाळ्यात हॉटेलवाले टँकर मागवतात, हे कसं काय? वर्गातल्या मुलांनी विचारलं, मला नीट सांगता आलं नाही. (शिक्षिका, सातारा जिल्हा)

बाई, कारण वर दापोलीच्या ताईंना सांगितलं तेच, फक्त उतार अजून जास्त. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण, चारी बाजूंनी कडे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री सगळ्या इथून निघतात म्हणजे इथलं पाणी इथे थांबत नाही, खालच्या गावांना जातं. वरती साठा म्हणून वेण्णा तलाव, तो 1842 च्या सुमाराचा. तेव्हा कोणाच्या डोक्यात होतं की एका वीकेंडला एवढ्या गाड्या वर चढतील. माथेरानची गोष्ट पण अशीच, वरचा शार्लोट तलाव पुरत नाही म्हणून खालून नेरळवरून पाणी पंपाने चढवावं लागतं.

मुलांना एक गणित घालून बघा: गावात राहणारे किती, मे च्या शनिवारी राहायला आलेले किती, आणि राहणाऱ्यांना 135 ने, आलेल्यांना 180 ने गुणा.

शॉवर की बादली? घरात वाद आहे, एकदाचा निकाल द्या.

बादली. बादली 15-20 लिटरला संपते, जुना शॉवर मिनिटाला 15 लिटर सोडतो आणि माणूस त्याखाली गाणी म्हणतो. पण कमी पाण्याचा शॉवर, मिनिटाला 6-7 लिटरवाला, आणि तीन मिनिटांत बाहेर, तर शॉवरही बादलीच्या बरोबरीत येतो. केपटाऊनला 2018 मधे माणशी रोज 50 लिटरची मर्यादा लावली होती, तेव्हा तिथल्या हॉटेलांनी बाथटबची बुचंच काढून ठेवली आणि पाहुण्यांना दोन मिनिटांत अंघोळ उरका म्हणून सांगितलं. आलेले पाहुणे ऐकत होते. आपल्याकडे मालक म्हणतो गेस्ट चिडेल. जरा सांगून तर बघा.

मी उत्तर गोव्यातून लिहितोय. आमच्या वाड्यावर एकाने विहिरीवर मोठा पंप बसवलाय आणि पहाटेपासून टँकर भरून किनाऱ्यावरच्या हॉटेलांना जातात. आमच्या विहिरीचं पाणी दरवर्षीपेक्षा लवकर खाली जातंय. त्या हॉटेलांत स्विमिंग पूल आहेत आणि आमच्या घरात घागरी मोजायच्या. पूलांवर बंदी आणावी असं आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. बरोबर आहे ना?

राग अगदी बरोबर, नेम थोडा चुकतोय.

पूल डोळ्यात भरतो म्हणून आपण पूलाला धरतो. 10 बाय 5 मीटरचा पूल घ्या. मे च्या उन्हात रोज 5-6 मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे 250 ते 300 लिटर. वर आठवड्यातून एक-दोनदा फिल्टर उलटा धुतात त्यात हजारभर लिटर जातं. पोरं उड्या मारून जे बाहेर उडवतात ते वेगळं. दोन-तीन पाहुण्यांएवढा खर्च झाला, फार नाही. आता त्याच हॉटेलचं लॉन बघा, ते हिरवंगार कार्पेट गवत. उन्हाळ्यात त्याला चौरस मीटरला रोज 5 लिटर तरी लागतात. 500 चौरस मीटर लॉन म्हणजे रोजचे 2500 लिटर, दर चार दिवसांनी एक 10 हजारी टँकर फक्त गवताला! त्यामुळे ग्रामसभेत पूल म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी मागा: उन्हाळ्यात लॉनला ताजं पाणी नको, सांडपाणी शुद्ध करून तेच वापरा, आणि महिन्याला किती टँकर घेतले त्याचा आकडा पंचायतीत द्या. तिसऱ्या मागणीला सगळ्यात जास्त विरोध होईल बघा.

टँकरवाल्या विहिरीचं वेगळं प्रकरण आहे. गोव्यात 2002 चा भूजल नियमनाचा कायदा आहे आणि ते काम जलस्रोत खातं बघतं. विहीर नोंदलेली आहे का, पाणी विकायची परवानगी आहे का, हे लेखी विचारा, तोंडी नको. पण त्याच्या आधी आपला पुरावा तयार करा. एका दोरीला वजन बांधा, दर अर्ध्या मीटरला रंगीत गाठ मारा, आणि रोज सकाळी तुमचा स्वतःचा पंप चालू करायच्या आधी, एकाच वेळेला, विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजून वहीत लिहा. त्याच वहीत त्या दिवशी टँकरच्या किती फेऱ्या झाल्या तेही. वाड्यावरच्या अजून दोन-तीन घरांनी हेच केलं तर फारच उत्तम. एखाद्या दिवशी त्यांचा पंप बंद असेल, बिघडला म्हणा किंवा सण म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी तुमचं पाणी वर आलेलं दिसलं, तर त्या एका ओळीपुढे अधिकाऱ्याला "तुमचा भास आहे" म्हणता येत नाही. "पाणी लवकर आटतंय" असा नुसता अर्ज फाइलमधे जाऊन बसतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि हो, तो टँकर भरणारा पण गावातलाच आहे, त्याला हॉटेलवाला रोख पैसे देतो. बोलणी करायची तर त्याच्याशी एकट्याशी भांडून उपयोग नाही, घेणाऱ्यालाही त्या बैठकीत बसवा.

आमचं चाळीस खोल्यांचं रिसॉर्ट आहे, घाटावर, थंड हवेच्या ठिकाणी. नियमाप्रमाणे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) लावला, ते पाणी फ्लशला दिलं, तर गेस्ट तक्रार करतात की कमोडमधे पाणी पिवळं आहे, वास येतो, खोली घाण आहे. मालक म्हणतात बंद करा आणि बोअरचं पाणी जोडा. मी इथे मॅनेजर आहे, काय उत्तर देऊ?

मालकांना सांगा बंद करू नका, नीट चालवा. पिवळा रंग काढता येतो. तुमच्याकडे वाळूच्या फिल्टरनंतर कार्बन फिल्टर असेलच, त्यातला कार्बन शेवटचा कधी बदलला ते बघा, बहुतेक वेळा बसवला तेव्हाचाच असतो. तरी रंग राहिला तर ओझोन.

वासाचं कारण वेगळं, आणि ते घाटावरच्या प्रत्येक हॉटेलात सारखंच दिसतं. शनिवार-रविवार चाळीस खोल्या भरलेल्या, सोमवार ते गुरुवार सहा. एसटीपीमधे काम करतात ते जिवंत जंतू, त्यांना दोन दिवस मेजवानी आणि चार दिवस उपास घडला तर ते मरतात, आणि लाइट बिल वाचवायला ऑपरेटर मंगळवारी जंतूंना हवा देणारा ब्लोअर बंद करून झोपतो. ब्लोअर बंद ठेवायचा नाही. वीकेंडचं सांडपाणी पहिल्या टाकीत धरून आठवडाभर थोडं थोडं सोडायचं. किचनचा ग्रीस ट्रॅप रोज साफ, कारण तेल गेलं की संपलं. आणि हाउसकीपिंगला सांगा संडासात ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या रिकाम्या करू नका, संडास चमकतो आणि खाली प्लांट मरतो.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळच्या आत तपासा. फ्लशची लाइन आणि ताज्या पाण्याची लाइन पूर्ण वेगळी आहे का? कमोडच्या बाजूला जो जेट स्प्रे असतो तो बऱ्याच ठिकाणी प्लंबर जवळ पडतं म्हणून फ्लशच्या लाइनवरून टी टाकून काढतो, म्हणजे एसटीपीचं पाणी माणसाच्या अंगाला. तपासायची सोपी रीत: खोलीचा ताज्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि जेट दाबा. आलेलं थोडंसं पाइपमधलं असतं, ते संपेपर्यंत दाबून धरा. तरी पाणी येतच राहिलं तर ती खोली विकू नका, आधी लाइन बदला. चाळीसच्या चाळीस खोल्या तपासा, एक बघून बाकीच्या बरोबर असतील असं धरू नका, कारण एका मजल्याचा प्लंबर वेगळा असू शकतो.

बोअरचं म्हणाल तर त्याआधी तुमच्या भागाचे भूजलाचे नियम वकिलाकडून वाचून घ्या. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे मालकांच्या मनात आलं आणि बोअर जोडली असं होत नाही.

मे मधे मुलांना घेऊन शिमल्याला जायचंय. मधे कधीतरी तिथल्या लोकांनीच टुरिस्टांना येऊ नका म्हटलं होतं ना? जावं की नको?

म्हटलं होतं, 2018 च्या मे-जूनमधे. त्या हिवाळ्यात बर्फ कमी पडलं, झरे-ओढे आटले, शहराचा रोजचा पुरवठा गरजेच्या जवळपास निम्म्यावर आला. त्याच्या आधीच 2015-16 मधे अश्वनी खड्ड या ओढ्याच्या पाण्यात मैला मिसळून काविळीची साथ आली होती, तो सोर्स बंद केलेला, म्हणजे हातात पाणी अजूनच कमी. लोक रात्री रांगा लावून टँकरची वाट बघायचे, हायकोर्टाने आठवडाभर बांधकामं आणि गाड्या धुणं बंद करायला लावलं, जूनमधला समर फेस्टिवल पुढे ढकलला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. आणि हे सगळं चालू असताना मॉल रोडवर गर्दी होतीच, मग स्थानिकांनी सोशल मीडियावर लिहायला सुरुवात केली की कृपा करून येऊ नका. त्यांचं काही चुकलं नाही. पुढे त्याच वर्षी पाणी-मलनिःसारणासाठी वेगळी कंपनी काढली.

त्यामुळे जायला हरकत नाही, पण निघायच्या आठवडाभर आधी तिथल्या बातम्या बघा. जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमधे जा, पाऊस नुकताच होऊन गेलेला असतो, डोंगर पण स्वच्छ दिसतात आणि खोलीही स्वस्त. शाळेची सुट्टी आडवी येते हे मान्य. मे मधेच जावं लागलं तर बुकिंग करताना हॉटेलला फोनवर विचारा, या महिन्यात पाणी शहराच्या नळाचं आहे की टँकरचं. समोरचा गडबडला तरी तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

खाणावळ चालवतो, कोल्हापूर. गिऱ्हाईक बसलं की आधी पाण्याचे ग्लास भरून ठेवायची आपली पद्धत. अर्धं पाणी तसंच राहतं आणि ओतावं लागतं. अर्धा ग्लास दिला तर लोक म्हणतात पाण्यात पण कंजूषपणा.

मग ग्लास भरूच नका. जग टेबलावर ठेवा आणि रिकामे ग्लास पालथे ठेवा, ज्याला हवं तो हवं तेवढं ओतून घेतो, कोणाला कंजूषपणा वाटत नाही. आणि पाणी आरओचं असेल तर त्या एका लिटरसाठी मशीनने तीनेक लिटर बाहेर टाकलेले असतात हे लक्षात ठेवा, म्हणजे ओतलेला अर्धा ग्लास दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. ते बाहेर टाकलेलं पाणी पिंपात धरा, फरशी पुसायला आणि खरकटी भांडी पहिल्यांदा विसळायला चालतं. झाडांना रोज घालू नका, क्षार जास्त असतात. कोल्हापूरला नदी-धरणाचं पाणी नळाला आहे, तर आरओ खरंच लागतो का, तेही एकदा टीडीएस मोजून बघा. बऱ्याच जणांनी तो गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून भिंतीवर लावलाय.

(पुन्हा होमस्टे, मालवणजवळून) पाहुण्यांना पाणी जपून वापरा असं सांगायचं कसं? पैसे देऊन आलेत, तोंडावर बोलायला लाज वाटते. पाटी लावली तर काय लिहू?

"पाणी हे जीवन आहे" लिहू नका, ते आता कोणी वाचत नाही. "पाण्याचा अपव्यय केल्यास दंड" तर अजिबात नको, पाहुणा आल्या आल्या वैतागतो. खरं काय ते सांगा. टॉवेलच्या अभ्यासात काय चाललं ते वर लिहिलंयच, दुसऱ्या पाहुण्यांचा उल्लेख ठेवा. मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार. या घराला आणि शेजारच्या चार घरांना एकाच जमिनीखालचं पाणी येतं आणि एप्रिल-मे मधे ते कमी होतं. आमच्याकडे येणारे बहुतेक पाहुणे बादलीने अंघोळ करतात आणि टॉवेल दोन दिवस वापरतात. फ्लशचं छोटं बटण बहुतेक वेळा पुरतं. नळ गळत असेल तर रात्री कितीही वाजता हाक मारा, आम्हाला राग येणार नाही."

शेजारची घरं किती, तो आकडा तुमच्याकडचा खरा टाका. "बहुतेक पाहुणे" हेही खरं असलं तरच लिहा, नसेल तर या सीझनला आलेल्यांना तोंडाने सांगून सुरुवात करा आणि पाटी पुढच्या वर्षी लावा. तोंडाने सांगायला लाज वाटते म्हणता, तर खोली दाखवताना गीझरचं बटण दाखवतो ना आपण, त्याच दमात फ्लशची दोन बटणं दाखवायची, वेगळं भाषण लागत नाही. आणि पाटी लॅमिनेट करून घ्या, बाथरूमच्या वाफेत साधा कागद आठवडाभरात खाली येतो.